शनिवार, अकरा मार्च

एएसपी : एक्केचाळीस
जावा : एकोणतीस
पर्ल : अकरा
कोल्डफ्यूजन : सहा
पीएचपी : दोन

हे मी फळ्यावर लिहिलं. बुधवारी, सोळा एप्रिल दोन हजार तीनला, जव्हारच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या फळ्यावर, पिवळ्या खडूने. ही वेबसाइट बनवायच्या भाषांची नावं आहेत. पुढचा आकडा म्हणजे नोकरीच्या जाहिरातींत ती भाषा किती वेळा मागितली आहे, तो. ज्या भाषेचा आकडा मोठा, ती शिकायची. दीड वर्षं आमचा क्लास असा चालला. मुलं दारात आली की आधी फळा बघायची, मग चपला काढायची.

आज शुक्रवार, पंचवीस एप्रिल. सकाळचे आठ वाजलेत. मी घाबरले आहे.

हे वाक्य सगळ्यात वर यायला हवं होतं. पण माझ्याकडे आकडा आधी येतो. सवय.

मोजायची रीत

नोकरीच्या जाहिरातींची इंग्रजी पुरवणी जव्हारला कुणी मागवत नाही. ती येते पुष्पावतीकाकूंच्या किराणा दुकानात, रद्दीतून. ठाण्याहून टेम्पोने गठ्ठे येतात, काकू पुड्या बांधायला पानं कापून ठेवतात आणि त्यातली जाहिरातींची पानं माझ्यासाठी बाजूला काढतात. "चंद्रकले, तुझे नोकरीवाले आले गं!" अशी रस्त्यावरून हाक येते. मी जाते, घेऊन येते, खाली जमिनीवर पसरते, पेन्सिलने खुणा करत मोजते.

क्लासमध्ये इंटरनेट आहे. पण ते लावलं की फोन बंद होतो, फोन बंद झाला की आमचे मालक प्रसादसर ओरडतात, आणि नोकऱ्यांची साइट अर्धी उघडून तिथेच बसून राहते. कागद असा बसून राहत नाही.

रद्दी थोडी जुनी असणार हे मला माहीत होतं. महिनाभर, फार तर दोन महिने. असं कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मी धरून चालले होते.

आकडा दर महिन्याला चढायचा. एएसपी नऊ, मग चौदा, मग बावीस, मग तेहतीस. अमेरिकेत कंपन्या बंद पडल्या असं कुणीतरी रेडिओवर ऐकून यायचं आणि प्रसादसर फळ्याकडे बोट दाखवायचे. "रेडिओवर बोलणारा माणूस की छापून आलेली मागणी? काय खरं?" मुलं हसायची. मीही.

वार

माझा धाकटा भाऊ रोहिदास सूर्यमाळच्या एका पाड्यावर शिक्षणसेवक आहे. तीन वर्षं मानधनावर काढायची, मग नोकरी कायम होते. त्याची तीन वर्षं येत्या जूनमध्ये भरतात. जामसरला आमच्या आईने, जयवंतीने, हे गावभर सांगून झालं आहे. पण तो दर शनिवारी खाली येऊन माझ्याकडे एएसपी शिकला, चांगला शिकला, आणि त्याने फळा पाहिला. राजीनाम्याचा अर्ज त्याने लिहिला आहे. आज त्यांच्या केंद्राची बैठक आहे, तिथे तो देणार आहे. मे महिना नोटिशीत जाईल, जूनला मोकळा. एकदा कायम झालो तर आई मरेपर्यंत सोडू देणार नाही, म्हणून आत्ताच.

अर्ज मीच टाइप केला. क्लासच्या मशीनवर. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

आज सकाळी मी त्याच्यासाठी कंपन्यांचे पत्ते उतरवत होते. एका जाहिरातीत एएसपीची बारा माणसं हवी होती. खाली लिहिलं होतं, थेट मुलाखतीला या, शनिवार, अकरा मार्च, दहा ते चार. महिना होऊन गेलाय, म्हटलं मी, तरी पत्ता घेऊ. आणि का कोण जाणे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मार्चचं पान मागे उलटलेलं होतं, ते पुढे घेतलं.

अकरा मार्च. मंगळवार.

छपाईची चूक. हे वाक्य खोडा.

मशीन चालू होतं. कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा क्लिक केलं की महिन्याचा तक्ता उघडतो. वर्षाशेजारी छोटा बाण असतो. मार्च दोन हजार तीन : मंगळवार. बाण खाली. दोन हजार दोन : सोमवार. बाण खाली. दोन हजार एक : रविवार. माझं बोट बाणावर होतं आणि मला ते दाबायचं नव्हतं.

दोन हजार.

शनिवार.

मी बाकीची पानं काढली. जिथे जिथे वार आणि तारीख एकत्र होती तिथे तिथे बाण दाबत गेले. बुधवार, तेवीस फेब्रुवारी. सोमवार, सहा डिसेंबर. शनिवार, पंचवीस मार्च. सगळे वार मागच्या शतकाच्या टोकाला किंवा या शतकाच्या पहिल्या तीन महिन्यांत जाऊन बसले. एकही इकडे आला नाही.

मग मी फोन उचलला आणि जाहिरातीतले नंबर लावले.

पहिला : हा नंबर अस्तित्वात नाही.

दुसरा : "हां बोलिए, मॅरेज हॉल. कौनसी तारीख चाहिए?"

तिसऱ्याला बराच वेळ घंटा वाजली. एक म्हातारा आवाज. "कंपनी? कौनसी कंपनी, बेटी? वो लोग तो कब के उठ गये. कुर्सियाँ भी बेच दी. मैं तो वॉचमन हूँ."

मी म्हटलं, "एएसपी."

तो म्हणाला, "क्या?"

मी फोन ठेवला.

काकू

"काकू, ही रद्दी कधीची?"

"म्हणजे?"

"कुठल्या वर्षाची?"

पुष्पावतीकाकू गूळ फोडत होत्या. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी गुळाचं वर्ष विचारलं. "अगं, रद्दी ती रद्दी. एका कॉलेजचा माळा रिकामा केला त्यांनी, सगळा गठ्ठा आपल्या माणसाने उचलला. दोन वर्षं झाली, पुरतोय अजून. कोरा करकरीत आहे, वाळवी नाही, काही नाही. उतरवताना खालचा वर झाला, आता जसा रचला होता तसा क्रमाने काढतोय."

जसा रचला होता तसा. म्हणून आकडा चढत होता.

"पानावर तारीख असते ना, काकू, वर?"

"असेल की. वरची पट्टी मी कापते. मिश्रीच्या पुडीला बरोब्बर बसते." त्यांनी गल्ल्याशेजारचा डबा दाखवला. पांढऱ्या पट्ट्या एकावर एक, नीट. मी एक उचलली. वार, तारीख, महिना, वर्ष. तालुक्यातल्या निम्म्या बायकांच्या कमरेला या तारखा खोचलेल्या होत्या आणि मी फळ्यावर आकडे लिहीत होते.

"काय झालं गं? पांढरी पडलीस. बस, पाणी पी."

"मोखाड्याची गाडी गेली का?"

"नऊची? लागलीय बघ डेपोत. अगं, चप्पल तरी..."

चप्पल होती. एका पायात क्लासची, एका पायात माझी.

जर

जर रोहिदासने अर्ज दिला नसेल, तर मी वेळेवर पोचले.

जर दिला असेल आणि भास्करसर निघाले नसतील, तर अर्ज अजून पिशवीतच आहे. भास्करसर म्हणजे त्यांचे केंद्रप्रमुख. दहा-बारा शाळा त्यांच्याकडे. बैठकीला सगळ्यांचे कागद एका खाकी पिशवीत गोळा करतात आणि मोटरसायकलवरून मोखाड्याच्या ऑफिसात नेऊन देतात.

जर निघाले असतील, तर

नाहीतर

क्लासमध्ये मी हेच शिकवते. प्रत्येक 'जर'ला 'तर' हवं, 'नाहीतर' हवं, आणि शेवटी ते बंद करायला हवं. बंद केलं नाही तर मशीन पुढे जात नाही, तिथेच चूक दाखवून थांबतं. गाडी मोरचोंडीला थांबली, सुटली. माझं पहिलं 'जर' अजून उघडंच होतं.

शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "कुणी आजारी हाय का?"

"नाही."

"मग?"

काय सांगणार? कुणी आजारी असतं तर सांगता आलं असतं. भावाची नोकरी जाणार आहे, आणि ती मी, मोजून मोजून, घालवली आहे. मारामारी नाही, दारू नाही, साहेबाशी भांडण नाही. त्या बाईला हे सांगायला लागले असते तर आधी फळा काय, मग आकडा काय, मग भाषा काय. आणि भाषा म्हटल्यावर ती म्हणाली असती, नोकरीसाठी भाषा शिकायला कशाला पाहिजे, मराठी येतंच की त्याला.

मोखाड्याला उतरून मी टेलिफोन बूथवर गेले. सूर्यमाळच्या शाळेला फोन नाही. हे मला माहीत होतं. तरी गेले, आत उभी राहिले, रिसीव्हर कानाला लावला, आणि कुठलाच नंबर न फिरवता ठेवला.

जीप

मोखाड्याहून दुसऱ्या गाडीने खोडाळा, तिथून वर जायला सोम्याची जीप.

"सोम्या, कधी निघणार?"

"भरली का निघाली, ताय."

"भरलीय की. अकरा बसलेत."

"अकरा म्हंजे भरली? अजून टपावर जागा हाय ना."

"मला घाई आहे रे. रोहिदास मास्तरची बहीण मी."

"मास्तरची भयीन?" त्याने मान आत घालून पाहिलं. "ती संगणकवाली? अरे, मंग चला ना. मास्तर लय बोलतो तुमचा. म्हनतो माझ्या ताईला मुंबईची समदी कंपनी म्हाईत, कोनाला कवा मानूस पायजेल."

जीपमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

रोहिदास माझं ऐकेल. खोडा. रोहिदास माझं ऐकतो, हीच तर भीती.

चढावर जीप संथ झाली. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, मधूनच जळून काळा झालेला पट्टा. वळणानंतर सोम्याने ब्रेक दाबला आणि इंजिनच बंद केलं. समोर रस्त्यावर हंडे होते. प्लास्टिकचे, स्टीलचे, कळश्या, तेलाचे डबे, रस्ता भरून, वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत. टँकर यायचा होता. प्रत्येक भांडं कुणाच्या तरी जागी उभं होतं आणि भांड्यांच्या मालकिणी झाडाखाली बसल्या होत्या.

"बाजूला करायला सांग ना."

"मी? हंड्याला हात लावू?" सोम्या हसला. "मार खायाचा का, ताय? पहाटेपास्नं लावल्यात. टँकर येल, मंग हलतील."

"कधी येईल?"

"येल तवा."

पावणेबारा. मी उतरले आणि हंड्यांच्या मधून चालायला लागले, साडी उचलून, पाय कुठे पडतोय ते बघत, कारण एक जरी आडवा झाला तर मला पुढे जाऊ देणार नाहीत. मागून एक म्हातारी ओरडली, "सांबाळून गं, माझी निळी, निळी!" मी निळी कळशी ओलांडली. आता पळता येत नव्हतं. पळावंसं वाटत होतं आणि एकेक पाऊल मोजून टाकावं लागत होतं.

जर मोटरसायकल समोरून आली, तर तीही इथेच अडकेल. तर मी पिशवी धरीन.

एवढं एक 'तर' मला पूर्ण सापडलं, आणि त्याच्या जोरावर मी पाड्यापर्यंत चालले.

प्रमुख पाहुण्या

मोटरसायकल शाळेच्या दाराशी उभी होती.

मी दारात पोचले तेव्हा आतून टाळ्या ऐकू आल्या. वर्गात दहा-अकरा शिक्षक मुलांच्या सतरंजीवर बसले होते. समोर टेबल. टेबलावर नारळ, शाल, कागदात गुंडाळलेलं काहीतरी. खुर्चीत भास्करसर. खुर्चीच्या पाठीला खाकी पिशवी. आणि टेबलाशेजारी, हातात चिठ्ठी घेऊन, सूत्रसंचालन करत माझा भाऊ.

त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. मला तो चेहरा बघवेना.

"आणि योगायोग बघा," तो म्हणाला, "आजच्या निरोप समारंभाला प्रमुख पाहुण्या कोण, असा प्रश्न होता. त्या स्वतःच चालत आल्या! जव्हारच्या कॉम्प्युटर क्लासच्या चंद्रकलामॅडम. माझी ताई."

टाळ्या.

"रोहिदास, जरा बाहेर ये."

"या, मॅडम, या!" भास्करसर उठलेच. "खुर्ची द्या रे मॅडमना. उन्हातनं आल्यात, पाणी आणा. अर्धाच पेला हां, टँकर नाही आला अजून." सगळे हसले. मला खुर्चीत बसवलं गेलं. कुंकू लावलं गेलं. हातात एक कागदी फूल आलं. आमच्याकडे कार्यक्रम सुरू झाला की आलेल्या माणसाला आधी बसवतात, मग विचारतात काय काम आहे.

रोहिदास माझ्याकडे वाकला तेव्हा मी फुलाआडून म्हटलं, "अर्ज दिलास?"

"दिला की. पिशवीत आहे."

"परत घे."

"काय?"

"आत्ता. परत घे. मग सांगते."

"ताई, वेडी झालीस का? सगळ्यांसमोर? कार्यक्रम संपू दे."

"निरोप कुणाचा आहे?"

"हर्षालीमॅडमचा. वरच्या पाड्यावरच्या. आज कार्यमुक्त झाल्या. तुला मुद्दामच सांगितलं नाही, अगं, सरप्राइज होतं."

पहिल्या रांगेत एक मुलगी उठून उभी राहिली. बावीस-तेवीसची, माझ्याहून उंच. नवी साडी, घडीच्या रेषा अजून तशाच. मी तिला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"मॅडम, मी तुमच्या क्लासला कधी आले नाही," ती म्हणाली. "पण रोहिदाससर दर सोमवारी आकडा आणतात. मी त्यांच्या वहीवरनं सगळी एएसपी उतरवलीय. तीन वह्या झाल्या. चालवून कधी बघितली नाही, पण पाठ आहे. आता ठाण्याला मामांकडे जाते. एक्केचाळीस म्हणजे मॅडम, एका आठवड्यात एक्केचाळीस जागा! त्यातली एक तर मिळेल की नाही?"

"मिळणारच," भास्करसर म्हणाले. "मॅडम, तुमच्या त्या फळ्याने आमचं एक माणूस पळवलं. आता हा रोहिदास तेवढा ठेवा हां आम्हाला."

म्हणजे त्यांनी अजून अर्ज वाचला नव्हता.

रोहिदास पायांकडे बघायला लागला.

मी एक वाचवायला आले होते. दुसरं केव्हाच निघून गेलं होतं. ते माझ्यासमोर उभं राहून हसत होतं आणि मला त्याच्या हातात नारळ द्यायचा होता.

दोन शब्द

दिला. तिला शाल पांघरली. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा मी पाय मागे घेतले, सगळ्यांना तो विनय वाटला.

"आता मॅडम दोन शब्द बोलतील," रोहिदास म्हणाला. मला तो डोळ्यांनी विचारत होता, काय झालंय?

मी उठले.

जर मी आत्ता गप्प राहिले, तर कार्यक्रम संपेल, मी रोहिदासला कोपऱ्यात घेईन, तो गुपचूप पिशवीतून अर्ज काढेल, कुणाला काही कळणार नाही. हर्षाली उद्या जाईल. तिला ठाण्यात कळेल. तिथे तिला कुणीतरी हसेल. नाव माझं निघेल, पण मी जव्हारला असेन.

जर मी बोलले, तर उद्यापासून फळा पुसला. क्लास बंद पडेल, वीस मुलं दारात येतील, त्यांचे बाप येतील. प्रसादसर मला ठेवणार नाहीत. आणि हर्षालीला तेच कळेल, फक्त एक दिवस आधी, नारळ हातात असताना.

दोन्ही 'जर' भयानक होती. पहिलं सोपं होतं.

"मी भाषण करत नाही," मी म्हटलं. "मी एक चूक सांगायला आले. फळ्यावरचा आकडा खोटा आहे."

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं विनोदाने सुरुवात केली.

"मी जाहिराती रद्दीतून मोजते. ती रद्दी तीन वर्षांपूर्वीची निघाली. पानांवरच्या तारखा कापलेल्या होत्या, मी विचारलं नाही. आज सकाळी वार जुळवून बघितले. एक्केचाळीस जागा होत्या. खऱ्या होत्या. दोन हजार साली. त्यानंतर त्या कंपन्या बुडाल्या. मी तीन ठिकाणी फोन केला. एके ठिकाणी आता लग्नाचा हॉल आहे."

कुणी हसलं नाही.

"एएसपीला आज किती मागणी आहे, मला माहीत नाही. एक्केचाळीस असेल, शून्य असेल. जावाला किती, पीएचपीला किती, नवीन काही आलंय का, काही माहीत नाही. मला कधीच माहीत नव्हतं. झालं."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला आणि बायकांचा एकच गलका उठला.

रोहिदास सावकाश भास्करसरांच्या खुर्चीच्या मागे गेला. त्याचा हात पिशवीच्या बंदाला लागला तसे भास्करसर गर्रकन वळले. "ए! टपालाला हात लावायचा नाही. एकदा पिशवीत गेलं ते सरकारचं."

"सर, माझा एक कागद आहे."

"कसला?"

रोहिदासने हर्षालीकडे पाहिलं. ती शाल खांद्यावर तशीच घेऊन उभी होती. कान लाल झाले त्याचे. लहानपणापासून त्याचे कानच लाल होतात.

"राजीनामा," तो म्हणाला.

सतरंजीवर कुणीतरी "आयला" म्हणालं.

भास्करसरांनी पिशवी मांडीवर घेतली, एकेक कागद काढला, टाचणी असलेला बाजूला, पाकीट बाजूला, आणि माझ्या क्लासच्या मशीनवर छापलेला, दोनदा तपासलेला कागद वर आला. त्यांनी तो वाचला. पहिल्यांदाच त्यांनी टपाल वाचलं असावं. वाचून घडी घातली आणि त्याच्या हातात दिला.

"पुन्हा टाकलास तर मी परत काढणार नाही. आणि टाकू नको असंही सांगणार नाही. तुझं तू बघ."

"सर, हर्षालीमॅडमचा?" मी विचारलं.

"त्यांचा मार्चमध्ये गेला. मंजूर होऊन आला. जागा रिकामी दाखवलीसुद्धा." ते हर्षालीच्या हातातल्या नारळाच्या शेंडीकडे बघत म्हणाले, "मोखाड्याला विचारून बघतो. बघतो म्हणजे बघतो. आशेवर राहू नका."

दाराबाहेर

सगळे बाहेर पडले. दोघीतिघी हर्षालीच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. रोहिदास वर्गाच्या मागे जाऊन उभा राहिला, अर्जाची घडी हातात. त्याने तो फाडला नाही. मी त्याला फाड म्हणणार होते. म्हटलं नाही. आजवर मी त्याला जे जे म्हटलं ते ते त्याने केलं होतं.

हर्षाली माझ्याजवळ आली. तिने शाल काढून नीट घडी घातली होती. मला वाटलं ती मारेल. खरंच वाटलं. मी हात बाजूला सोडून उभी राहिले.

"मॅडम, तुम्ही ठाण्यात कधी मुलाखत दिलीय?"

"नाही."

"कंपनी आतून बघितलीय?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदा गेले होते. दारापर्यंत. आत खूप मुली बसल्या होत्या, इंग्रजीत बोलत होत्या. मी परत आले." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रोहिदासलाही नाही. "मग मी शिकवायला लागले."

तिने मान हलवली, जसं वहीतलं एखादं उत्तर ताडून बघावं.

"माझं तिकडं जाणं आता ठरलंय. परत यायला जागा नाही. घरी सांगितलं तर बाबा ठाण्यात दुसरा कोर्स करायलासुद्धा पाठवणार नाहीत. सकाळी सहाची गाडी आहे कसाऱ्याला, तिथनं पुढे ठाणे. तुम्ही चला."

"मी?"

"मामी दोघींना ठेवून घेईल चार दिवस. माझ्याबरोबर एकेका कंपनीच्या दारात जायचं. आत जायचं. त्यांना तोंडाने विचारायचं, तुम्हाला आज कुठली भाषा येणारं माणूस पाहिजे. ते सांगतील ते तुम्ही लिहून घ्यायचं, तारीख घालून. मला इंग्रजी नीट येत नाही. तुम्हाला येतं."

"मला पण..." पुढे काय बोलायचं होतं ते आता आठवत नाही. काचेचं दार आठवलं. दारातला माणूस आठवला, त्याने विचारलं होतं, यस मॅडम? आणि माझी पाचही बोटं गार पडली. सूर्यमाळच्या उन्हात, एप्रिलमध्ये.

"घाबरताय?"

"हो."

"मग नीट मोजाल."

ती रागाने बोलत नव्हती. ते जास्त वाईट होतं. रस्त्याच्या खालच्या अंगाला टँकर उभा होता, पाइपभोवती हंड्यांची ढकलाढकल चालली होती, आणि सोम्याची जीप अजून वळणावर तशीच अडकलेली होती. मी म्हटलं असतं तर ती मला खाली घेऊन गेली असती. संध्याकाळपर्यंत जव्हार.

"सहा वाजता कुठे उभं राहायचं?" मी विचारलं.

तिने बोट दाखवलं. मी तिकडे बघून घेतलं, नीट, म्हणजे सकाळी चुकायला नको.